बाईंचा तेलाचा जॅक

प्रथम वास येई. घासलेटचा, ग्रीसचा, आणि त्या दोहोंखाली दबून राहिलेला गार सिमेंटचा. मग लोखंडी दांड्याचा आवाज: खट्, खट्, खट्. मध्येच कोणी श्वास घ्यावा तसा एक थांबा, आणि पुन्हा खट्. रविवारी सकाळी माझी झोप या आवाजाने मोडे. खिडकीच्या गजांतून पाहिले तर अंगणापलीकडच्या टिनाच्या गाडीघरात पांढरे पातळ नेसलेली, साठी ओलांडलेली एक स्त्री दांड्यावर वाकलेली असे. आणि तिच्यापुढे एक हिरवी जीप, नाल ठोकून घेणाऱ्या शहाण्या घोड्यासारखी, एक चाक उचलून निमूट उभी असे.

त्या माझ्या घरमालकीण. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग अजून बोटाला लागत असे. मी नाशिककडची, कविता वाचत वाढलेली, तिथल्या महाविद्यालयात मराठी शिकवायला आलेली. त्या मात्र सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात बाळंतपणे करून निवृत्त झालेल्या. साऱ्या गावाच्या त्या ‘बाई’ होत्या. त्यांना दुसरे एखादे नाव आहे, हे मला पोस्टमनकडून कळले.

निवृत्त झाल्या, हे सरकारचे म्हणणे. धानोऱ्याच्या रस्त्याने आत, जिथे एसटी जात नसे, तिथल्या गावांना ते कोणी कळवले नव्हते. एखादा माणूस सायकल रेटत येई, कुंपणापाशी उभा राही आणि “बाई, गाडी आणा जी,” एवढेच म्हणे. बाई चुलीवरची अंबाडीची भाजी माझ्या हवाली करून जीप बाहेर काढीत. ही जीप बाईंच्या हाती राहणार की नाही, हाच त्या घरातला खरा प्रश्न होता. मी तिथे होते त्या काळात तो क्वचितच बोलला गेला. पण दाराआड खोचून ठेवलेल्या विळ्यासारखा तो सदैव तिथे होता.

जीप मूळची यजमानांची. ते वनखात्यात होते. त्यांनी ती लिलावात घेतली आणि गादीवर त्यांच्या बसण्याचा खळगा पडण्याआधीच ते गेले. बाईंनी दिवसकार्य आटोपल्यावर जीप चालवायला शिकून घेतली. लोक काय म्हणाले, असे मी एकदा विचारले. बाई म्हणाल्या, “लोकाईले काय, पह्यले हासले, मंग मांगं बसले.”

गाडीघरातली त्यांची सारी भाषा बाळंतघरातून आलेली होती. जीप चालू होताना कुरकुरली तर “कळा येऊन राह्यल्या, पन मोकळी नाई होत.” पाणी उकळले तर “हिले ताप भरला.” एकदा भर दुपारी मी त्यांच्यासोबत एका गावी गेले होते. परतताना मागे एक पहिलटकरीण आणि तिची सासू. नाल्यापाशी उभा चढ लागला. बाई स्टिअरिंगवर पुढे झुकून म्हणाल्या, “दम धर माय, घाबरू नोको, आता थोडीशीच राह्यली.” मागून त्या मुलीने कण्हत “हो जी” म्हटले. बाई म्हणाल्या, “तुले नाई, हिले म्हनून राह्यली. पन तूही धर.” तेवढ्या वेदनेतही ती मुलगी हसली. सागाच्या रुंद पानांवर जीपच्या चाकांची धूळ बसत होती, आणि त्या हसण्याने मला पहिल्यांदाच त्या अरण्यात परके वाटेनासे झाले.

आता जॅकविषयी. तो घरात कसा आला, ही कथा बाई इतक्यांदा आणि इतक्या प्रेमाने सांगत की तिला आरती म्हणावे.

एकदा कच्च्या रस्त्यावर, जीपमध्ये अडलेली बाळंतीण असताना, पुढचे चाक ढिले झाले. जीपसोबतचा जुना पेचाचा जॅक लावला, तो चिखलात रुतत गेला. गाडी वर यायची, तर जॅकच खाली. लेकरू मोहाच्या झाडाखाली झाले. सुखरूप झाले, पण बाईंच्या मनाला ते लागून राहिले. “रस्त्यावर गाडी उचलाची पाळी आली, म्हंजे घरी कामचुकारी झाली,” असे त्यांनी ठरवून टाकले. जीप घरच्या घरी, दर रविवारी, खालून तपासायची. आणि त्यासाठी घरी चाकांवर चालणारा तेलाचा जॅक हवा.

तो घेण्यासाठी त्या नागपूरला गेल्या. दुकानदाराने पांढऱ्या पातळाकडे पाहिले आणि म्हणाला, “बहनजी, साहब को भेज दीजिए. जैक देखना लेडीज का काम नहीं.”

“साहब तो ऊपर गये,” बाई म्हणाल्या, “जीप नीचे रह गयी.”

त्यावर त्याने मुकाट्याने खुर्ची दिली. आधी त्याने बाटलीसारखा उभा जॅक पुढे केला. बाईंनी तो बोटाने ढकलून पाहिला. “याचं बूड लहान. डोस्क्यावर हंडा घेऊन उभ्या बाईवानी डोलते हा. ट्रकवाल्याले दे.” मग त्याने चाकांचे जॅक काढले, बुटके, लांब, नदीकाठी पहुडलेल्या मगरीसारखे. कमी ताकदीचा तुमच्या जीपला पुरे, असे तो म्हणू लागला. बाईंनी मान हलवली. ओझ्याच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा, हे त्यांचे गणित. “पुरी ताकद लावून उचलते तो लवकर मरते. मी हमालाईत पाह्यलं, नर्साईत पाह्यलं.”

त्यानंतर त्यांनी दुकानदाराला त्याची स्वतःचीच मोटार उचलायला लावली, बंपरच्या मागे भिंतीवर खडूने रेघ ओढली, आणि चहा सांगितला. चहा बशीत ओतून, फुंकर घालून, जितका हळू पिता येईल तितका हळू प्यायला. पहिला जॅक तेवढ्यात बोटभर खाली आला. “हा झोपते,” बाई म्हणाल्या. दुसरा आला, दुसरा चहा आला. “हा पेंगते.” तिसऱ्यावर मोटार रेघ सोडीना. बाईंनी बशी खाली ठेवली. “हा जागलीवर बसनारा. हा द्या.”

तो जॅक त्यांनी एसटीने आणला. दवाखान्यातल्या जुन्या पांढऱ्या पातळात गुंडाळून, दोन सीटांच्या मधल्या जागेत, पायांपाशी आडवा. कंडक्टर दचकला.

“हे मढं कोनाचं वो बाई?”

“मढं नोको म्हनू. जितं आहे.”

“मंग याचं तिकीट?”

“उभा राह्यला तर काढीन.”

जॅक आला, पण त्याला भुई हवी होती. असा जॅक गाडी उचलताना स्वतः किंचित पुढे सरकतो. ओझे वर चढते तसे त्याला ओझ्याखाली शिरावे लागते. मातीत चाके रुतली की तो सरकत नाही आणि गाडी कलते. बाईंचा एकुलता मुलगा कोरपन्याकडे एका सिमेंटच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आईने शेणाने सारवलेल्या जमिनीवर स्वयंपाक करू नये, म्हणून त्याने सिमेंटच्या गोण्या पाठवल्या. दिवाळीला तो आला तेव्हा गाडीघरात आरशासारखा गुळगुळीत, पाणी ओतले तरी कुठे वळू नये असा समतल कोबा घातलेला होता, आणि स्वयंपाकघरात आई शेणाच्या ताज्या सारवणावर पाट मांडून बसली होती.

“आई, हे तुह्यासाठी होतं.”

“मीच टाकला ना मंग.”

त्या मुलाविषयी माझ्या मनात कधी कडवटपणा आला नाही. त्याच्या कारखान्यात एक माणूस जॅकवर उचललेल्या गाडीखाली गेला होता, आणि तो पुन्हा बाहेर आला नाही. हे त्याने पाहिले होते. मी राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात बाई अंगणातल्या शेवाळावर घसरल्या. उजवे मनगट मोडले आणि जुळताना थोडे वाकडे जुळले. स्टिअरिंग धरता येई, पण दांडा रेटण्याचे बळ त्यातून गेले. मुलगा धावत आला, आईला पेज भरवली, आणि निघताना जीपकडे न पाहता म्हणाला, “आता ही विकून टाकू.”

पेजेचे भांडे बाईंनी डाव्या हाताने उचलून विहिरीपाशी नेले आणि कितीतरी वेळ घासले. मी ओसरीत उभी होते. “दांडा मी मारीन,” मी म्हणाले. माझ्या आवाजात धैर्य नव्हते. मला तोवर जीपचे बॉनेटसुद्धा उघडता येत नव्हते. मुलाने माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिले, आणि शंकित मनाने तो परतला.

असे माझे शिक्षण सुरू झाले. बाई मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात नेहमी चिमूटभर मीठ असे. जॅक कुठे लावायचा ते त्यांनी प्रथम शिकवले: पत्र्याला नाही, नळीला नाही, जिथे गाडीचे हाड आहे तिथे. उरलेल्या चाकांना विटा. मग उचलायचे, आणि उचलताच पोटाखाली लोखंडी तिवया सरकवायच्या. गॅरेजवाले त्यांना घोड्या म्हणतात. बाई त्यांना ‘माय’ म्हणत. जॅकला त्या ‘दाई’ म्हणत.

“दाई लेकरू उचलून देते. तिच्याच हातात ठेवतेस काय मंग जलमभर? मायच्या कुशीत दे आन् हात मोकळे कर.”

दाईच्या भरवशावर गाडीखाली कोणी जायचे नाही. भार घोड्यांवर आला की बाई पदर खोचून जीपला कमरेचा एक सणसणीत धक्का देत, पुन्हा दुसऱ्या बाजूने देत. जीप हलली नाही तरच सतरंजी अंथरायची. एकदा शेजारचे तलाठीभाऊ हे पाहून म्हणाले, “बाई, गाडीसंगं लग्नातली फुगडी खेळून राह्यल्या काय?” बाई म्हणाल्या, “तुम्ही या खाली, मंग धक्का नाई देत.” भाऊ आले नाहीत.

काम झाले की जॅकची सेवा. दांडा फिरवून तेलाचा पेच सैल करायचा आणि जॅकची मान अगदी भुईला टेकवायची. उभारलेल्या मानेने त्याला कधी ठेवायचे नाही, त्याच्या आतल्या रबरी वायसरा दबतात आणि आतून बाहेर आलेल्या दांड्याला गंज धरतो. चाकांना ग्रीस. दांडा मारताना हाताला मऊ लागू लागला, अति शिजलेल्या भातासारखा, तर आत हवा शिरली. मग ओझे नसताना, पेच उघडा ठेवून, त्याला रिकामाच हलवून ती हवा काढायची. तेलाचे बूच उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसायची. हे पुसणे बाई स्वतः करीत. वाकड्या मनगटाने, उकळून वाळवलेल्या फडक्याने, नाळ पुसावी इतक्या हळुवार. शेवटी त्या पांढऱ्या पातळाचे पांघरूण. सकाळची त्यांची बुद्धवंदना आणि हे पांघरूण यांत मला कधी फार अंतर दिसले नाही. दोन्ही वेळी त्या क्षणभर डोळे मिटत.

पण त्यांना चुकताच येत नसे असे नव्हे. चुकत, तेही थाटात चुकत.

पुढच्या पावसाळ्यात कठाणी नदीचे पाणी पुलावरून गेले आणि रस्ता तुटला. जॅकमधले तेल उतरले होते. गावातल्या दुकानात गाडीच्या ब्रेकचे तेल तेवढे होते. ते बाईंनी नाकारले, आणि योग्यच केले. ते जॅकच्या वायसरा खाते. पण मग त्यांची नजर फडताळात गेली. आमच्या त्या घरात तेल म्हणजे जवसाचे तेल. भाजीला तेच, चटणीवर तेच, सांधे दुखले तर तेच. “पातळ आहे, सोज्वळ आहे, घरचं आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी जॅकला जवस पाजला.

जॅक असा चालला की काय सांगावे. खट् हा आवाजसुद्धा लोण्यात बुडाल्यासारखा मऊ झाला. गाडीघराला खमंग, किंचित कडवट वास आला, आणि रविवारी सकाळी दांडा मारता मारता मला भूक लागू लागली. बाईंनी साऱ्या आळीला सांगितले. नागपूरच्या दुकानदाराने हजार वर्षे तप केले तरी त्याला हे सुचले नसते, असेही सांगितले.

जवसाच्या तेलाचा स्वभाव मात्र असा की हवा लागली की ते सुकत जाऊन चिकट होते, आणि शेवटी पापुद्र्यासारखे घट्ट बसते. रंगारी त्याच गुणासाठी ते वापरतात. दसऱ्याच्या सुमारास एका रविवारी आम्ही जीप उचलली, घोड्या लावल्या, काम केले. आणि जॅक उतरेना. पेच फिरे, पण आत कशालाच पत्ता नाही. उभारलेली मान तशीच ताठ. बाईंनी वास घेतला, बोट लावले, बोट अंगठ्यावर घासले. चिकट तार आली. त्या कोब्यावर मट्कन बसल्या.

आणि त्याच दुपारी मुलगा आला. मला आजही ती घडी आठवते: जीप अधांतरी, जॅक अडकलेला, आणि फाटकाशी चपलांचा आवाज. एका वाक्यात सारे झाकता आले असते. जॅक जुना झाला, एवढे म्हटले तरी चालले असते. मी तसे म्हणायला तोंड उघडलेही होते.

मुलाने हवेत नाक वर केले. “आई, जॅकले फोडनी देल्ली काय?”

“देल्ली,” बाई म्हणाल्या. “चुकलं माहं. जवस टाकला. तो आत सुकला. आता हासून घे, आन् मंग घासलेट आन.”

तो हसला. इतका हसला की त्याला गाडीघराच्या खांबाला धरावे लागले. आणि मग शर्ट काढून, बनियनवर, आईशेजारी बसला. पेचाच्या जुन्या जॅकने जीप थोडी वर घेऊन त्याने अडकलेला बाहेर ओढला. माय-लेकांनी त्याचा एकेक भाग खोलला. बाईंनी दवाखान्यातला पांढरा ट्रे आणला. घासलेटमध्ये भिजवलेले स्प्रिंग, वायसरा, झडपेतला चण्याएवढा पोलादी छर्रा. सारे त्या ट्रेमध्ये ओळीने मांडले. छर्रा एकदा निसटला आणि कोब्यावरून टणटण करीत गेला, तेव्हा दोघेही एकदम रांगत त्याच्यामागे गेले. त्या वेळी त्यांच्या पाठी इतक्या सारख्या दिसल्या की मी उगाचच चहा करायला आत गेले.

जाताना त्याने घोड्यांना लाथेने हलवून पाहिले. त्या हलल्या नाहीत. तो माझ्याकडे वळला. “मॅडम, आईचं वेड मले समजते. पन एकटीनं तिले हे करू देनार नाई. तुम्ही आहात तोवर जीप राहू द्या. तुम्ही गेल्या, का त्याच दिवशी मी घेऊन जातो.” ते धमकीसारखे नव्हते. विनवणीच होती ती.

अनेक वर्षांनी मी पुन्हा त्या घरी गेले, तेव्हा गाडीघरात जीप नव्हती. एक बैलबंडी होती, एका बाजूने उचललेली, आणि तिच्या आसाखाली आमचा जॅक. बाई बाजेवर बसून बंडीवाल्याला झापत होत्या: “कमरेनं धक्का दे मले दाखवून, मंग चाक काढ.” गावातल्या साऱ्या बंड्यांची चाके आता तिथेच निघत, तिथेच बसत. आतल्या गावांसाठी दवाखान्याची गाडी सुरू झाली होती. कधी येई, कधी न येई. न आली तर बंडी जाई, आणि बंडीत बाई. त्यांनी मला पाहिले, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “मास्तरीणबाई, जाड झाली तू. बरं झालं.” त्या दिवशी आम्ही पुष्कळ बोललो, पण त्या एका रविवाराविषयी दोघींनीही अवाक्षर काढले नाही.

तो रविवार हिवाळ्यातला. गाडीघराच्या टिनावर दव सुकत होते, त्याचा बारीक तडतड आवाज येत होता. आम्ही पुढच्या चाकाला ग्रीस भरले होते, चाक बसवले होते, नट आवळले होते. मी जीप थोडी वर घेतली आणि बाईंनी घोड्या काढून घेतल्या. आता सारा भार जॅकवर, आणि जॅकचा दांडा माझ्या हातात. तो डावीकडे केसभर फिरवायचा, की तेल आपल्या घरी परतते आणि गाडी भुईवर येते. मी फिरवला नाही. त्या आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले होते की नागपूरच्या एका महाविद्यालयात माझी निवड झाली आहे. बाईंना मी अजून बोलले नव्हते. आता बोलले.

“नागपूरची नोकरी पक्की का कच्ची?” त्यांनी विचारले.

“पक्की.”

“आन् इथली?”

“दर वर्षी नव्याने अर्ज.”

“मंग?”

“मी नाही म्हणून कळवणार आहे.”

बाई घोड्या पुसता पुसता थांबल्या. “काऊन?”

उत्तर आमच्या दोघींच्या मध्ये, वर उचललेले, उभेच होते. तरी मी म्हणाले, “मी गेले की जीप जाईल. मग गावांतून माणूस आला तर तुम्ही काय कराल?”

“माह्या पह्यले त्या गावाईत बाया बाळंतच होत नव्हत्या काय?”

“होत होत्या. किती जगत होत्या, तेही तुम्हीच मला सांगितले आहे.”

हे त्यांना खोडता येण्यासारखे नव्हते, आणि खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती. दूर कुठेतरी लाकडाचा ट्रक घाट चढत होता. बाईंनी हातातले फडके घडी करून बाजूला ठेवले. जीपच्या अंगावरून त्यांनी नजर फिरवली. दिवे, जाळी, बॉनेटवरचा तो जुना पोचा. मग माझ्याकडे पाहिले, माझ्या हातांकडे पाहिले. दांडा मी इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती, आणि ते मला त्यांच्या पाहण्यामुळे कळले.

“तुही माय आहे ना तिकडं?” त्या म्हणाल्या. “तिले काय सांगशील? का एका म्हातारीच्या लोखंडापायी पोरगी जंगलात राह्यली?”

“तुमच्यापायी म्हणून सांगेन.”

“मले इच्यार ना मंग.”

मी विचारले नाही. बाई सावकाश पुढे आल्या, त्यांनी आपला वाकड्या मनगटाचा तळवा जीपच्या बॉनेटवर पसरून ठेवला, पोटावर ठेवतात तसा, आणि आत काही हलते आहे का ते ऐकत असाव्यात अशी मान किंचित कलती केली. मग, माझ्याकडे न पाहता, त्या म्हणाल्या,

“सोड.”